राजाचं पोट

१२ ऑगस्ट

ताई,

आधी खाली बस. क्रेनच्या त्या उंच खोक्यात असशील तर आधी जमिनीवर ये, मग बस आणि मग वाच. तुझ्या हातात घराएवढं वजन लटकत असताना मला काही सांगायचं नाहीये.

मी गरोदर आहे. पाचवा महिना.

घे, ओरडून घे. मी थांबते.

झालं? आता पुढचं ऐक, कारण खरी गंमत पुढेच आहे. कालपासून आपली आईपण गरोदर आहे!

ओळीने सांगते, नाहीतर म्हणशील भिंगरीचं नेहमीचंच, शेंडा ना बुडखा. नुसतं बघून माप सांगायची आईची ऐट तुला माहीतच आहे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतं न ठेवतं, तोच हिने मनात कापड बेतलेलं असतं. तर त्याच आईने माझा शाळेचा स्कर्ट दोनदा उसवून सैल केला आणि वर खूश होऊन म्हणाली, "चला, खाल्लेलं अंगाला लागायला लागलं एकदाचं." तिसऱ्यांदा मात्र टेप माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि तशीच उभी राहिली. पुन्हा मोजलं. मग टेप गळ्यात टाकून इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तर हळूच म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "तुझ्या आधीपासून." बाबांनी हातातली गरम इस्त्री खाली ठेवली ती थेट बँकेतल्या साहेबांच्या शर्टावर. शर्ट गेला.

'त्याच्या'बद्दल विचारू नकोस. त्याच्या घरच्यांनी त्याला लगेच काकांकडे धाडून दिलं. मैत्रिणीच्या फोनवर 'सॉरी' एवढाच निरोप आला. दोन दिवस रडले, मग मला रडायचाच कंटाळा आला.

आता बेत ऐक. आईने एका वाक्यात निकाल लावला: "बाळ माझं, शाळा तुझी." म्हणजे बाळंत होणार मी, पण जगासाठी बाळ आईचं. मी मागच्या खोलीत राहायचं. शाळेत कळवलंय की मला कावीळ झालीय आणि ती काही केल्या हटत नाहीये. परीक्षेला मी पुन्हा वर्गात हजर, जसं काही झालंच नाही. आणि माळ्यावरून आईने काय काढलं सांगू? एक पोट! अगं खरंच. मांजरपाटाचं, खांद्यावरून पट्टे, कमरेला नाड्या, आत कापसाचे पातळ थर एकावर एक टाचलेले. म्हणे फार पूर्वी नाटकवाल्यांसाठी शिवलं होतं, त्यांच्यातल्या एका राजाला ढेरपोट्या दाखवायचं होतं. राजाला इतके थर कशाला लागले कोण जाणे, अंकागणिक जाडा होत होता की काय! वरचे थर काढून आईने ते माझ्या मापाचं केलं, वर सैल झगा चढवला आणि कमरेवर हात ठेवून आरशासमोर अशी काही चालली की मी हसून हसून लोळले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, ताई! लोकांना चव्वेचाळीस सांगते ते वेगळं. बाबा मात्र हसले नाहीत. ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मला तर कधी एकदा दिवस भरतात असं झालंय. मी ताई होणार! आपल्या दोघींत पंधरा वर्षांचं अंतर, मधे देव आपल्या घराला विसरला होता असं आई म्हणते. बाळात आणि माझ्यात सतरा वर्षांचं. तू जशी माझी ताई, तशीच मी त्याची. तुझ्यासारखीच लांबून येऊन त्याच्या गालांचे पापे घेईन आणि रडत निघून जाईन. नाही, रडणार नाही, ते तुझं तुलाच लखलाभ.

माझा फोन आईने कपाटात बंद केलाय. दुकानाचा फोन तीच उचलते आणि तुझा आवाज ऐकला की ठेवून देते, हे तुला माहीत आहेच. म्हणून पत्र. कपडे पोचवायला जाताना बाबा टाकतील. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, "हिला मी माझ्याबरोबर नेते," आई म्हणाली, "ती माझी मुलगी आहे, तू कोण नेणारी," आणि तू दार आपटून गेलीस. ते आता विसर. निदान माझ्यापुरतं विसर आणि उत्तर लिही.

तुझी भिंगरी


५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आलं! बाबांनी ते उशीच्या अभ्र्यांच्या घडीत घालून आत आणलं. मी उशीत तोंड खुपसून वाचलं. पण हे काय गं? तीन वर्षांनी पत्र आणि त्यात नुसते प्रश्न. तपासायला गेलीस का, पाय सुजतात का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काही चमकतं का. तू क्रेन चालवतेस की दवाखाना?

उत्तरं घे. पाय माझेच आहेत. डोकं दुखत नाही. आई चिडली की तिचेच डोळे चमकतात. आणि तपासायला गेले नाही, जायचं नाही असं ठरलंय. हॉस्पिटलात नाव विचारतात, वय विचारतात, मग बेत कसा टिकायचा? आई आहे की बघायला. ती दर आठवड्याला माझ्या पोटाचं माप घेते आणि तेवढाच कापूस आपल्या पोटात भरते. माझ्या जेवणातलं मीठ तिने पहिल्या दिवसापासून बंद केलंय. का, विचारलं तर म्हणते, "तुला काय कळतंय." अळणी भात खाऊन माझ्या जिभेची पार रया गेलीय.

पण ते सोड. मागच्या आठवड्यात दुकानात काय झालं ते ऐक, मी तुला सांगायला केव्हाची टपून बसलेय.

हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर नवे गणवेश शिवायला आल्या होत्या. उंच, सरळ, बोलणं मोजकं. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आई त्यांच्या कोटाची उंची बेतत होती, तोंडात टाचण्या. आता तुला आईची सवय ठाऊक आहे. हातात नको असलेली टाचणी आली की जवळ जे मऊ असेल त्यात खोचायची: गादी, उशी, बाबांची बाही. बोलता बोलता आईने एक टाचणी काढली आणि खच्चकन स्वतःच्या पोटात खोचली. मग दुसरी. मग तिसरी. आणि तोंडाने चालूच, "बाही जरा आखूड ठेवू का, हात धुवायला बरं पडेल." बाबा इस्त्री हवेत धरून पुतळ्यासारखे उभे. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सिस्टरनी तिन्ही टाचण्या नीट पाहिल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "ठेवा आखूड. आणि बाई, तुमचं बाळ फारच सोशिक आहे हो."

आईने खाली पाहिलं. ताई, त्या वेळचा तिचा चेहरा तुला दाखवायला मी काय वाटेल ते दिलं असतं! मग काय म्हणावं तिने? "झग्याला आत जाड अस्तर आहे." सिस्टर म्हणाल्या, "हो, दिसतंय." मी पडद्यामागे ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसत होते.

जाताना त्या दारात थांबल्या. "सोमवारी गरोदर बायकांची तपासणी असते. जिला गरज असेल तिला घेऊन या. मी उगाच कुणाला काही विचारत नाही." हे म्हणताना बघत होत्या पडद्याकडे.

आईने कानाला खडा लावलाय. आता मनगटाला टाचण्यांची गादी बांधून फिरते. सोमवार आला आणि गेला. गणवेश घ्यायला सिस्टर आल्या तर आईने बाबांना पुढे केलं आणि स्वतः न्हाणीत जाऊन बसली.

तुझी भिंगरी


२६ सप्टेंबर

ताई ताई ताई,

ते लाथ मारतं!

अगं, आधी वाटलं पोटात गुडगुडतंय. मी मागच्या खोलीत बसून शर्टांची काजं करत होते. पुढे आईचं मशीन जोरात चाललं होतं. ते थांबलं, आणि आतून धप्! मशीन सुरू झालं की गप्प, थांबलं की धप्! त्याला मशीनचा आवाज आवडतो. शिंप्याच्या घरचंच आहे, दुसरं काय. मी धावत पुढे जाणार होते सांगायला, तेवढ्यात आठवलं की मी काविळीची पेशंट आहे. मग बाबांना हाक मारून त्यांचा हात पोटावर ठेवला. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ हात काढलाच नाही.

आता खरं सांगू? मला त्याची ताई व्हायचं नाहीये.

हसू नकोस. मीच नाचत होते ना ताई होणार म्हणून. पण त्या वेळी आत कुणी नव्हतं, म्हणजे होतं पण ते मला ओळखत नव्हतं. आता मी कूस बदलली तर तेही बदलतं. असल्या बाळाने मला ताई म्हणायचं आणि रडू आलं की दुसरीकडे धाव घ्यायची? मला नाही चालणार. मला आई व्हायचंय आणि परीक्षापण द्यायचीय. दोन्ही.

आईला सांगितलं. ती उसवत होती काहीतरी. म्हणाली, "वेड लागलंय. दोन्ही होत नाही."

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"मी बघितलंय."

"कुठे बघितलंस? कुणाचं?"

तर तिने मशीन इतकं जोरात पळवलं की सुईच मोडली. माझ्या बाजूने बोलायला या घरात कुणी नाही, ताई. बाबा बोलत नाहीत, ते नुसते इस्त्री करतात. तू कधी कुणाची आई झाली नाहीस, तेव्हा तुला हे विचारण्यात काही अर्थ नाही, तरी विचारते. मी हट्ट धरू की गप्प बसू?

तुझी भिंगरी


१९ ऑक्टोबर

ताई,

इतके दिवस तुझं उत्तर नाही. मला वाटलं चिडलीस. आणि आलं ते हे एवढंसं: "हट्ट धर. एकदा गप्प बसलं की पुढे तोंड उघडता येत नाही." खाली पुन्हा तेच प्रश्न, या वेळी प्रत्येकाखाली दोन-दोन रेघा. कागद फाटलाय एका ठिकाणी.

हट्ट धरलाय. आई माझ्याशी फक्त मापापुरती बोलते. "हात वर कर. श्वास सोड." बस.

दुकानात मात्र धमाल आहे. बायका येतात त्या कपडे शिवायला कमी आणि आईचं पोट बघायला जास्त. या वयात कसं काय हो, म्हणून माना वेळावतात. पायरी उतरल्या की फिदीफिदी हसतात, मला खिडकीतून सगळं ऐकू येतं. आईलाही येतं. ती मान खाली घालून कापत राहते. हे सगळं ती माझ्यासाठी झेलतेय हे मला कळतं, म्हणून तर नीट रागावताही येत नाही. बाबांना रस्त्यात लोक अभिनंदन करतात, तेव्हा ते "आभारी आहे" म्हणतात. आभारी आहे!

काल एक मजा झाली. आम्ही दोघी आरशासमोर शेजारी उभ्या राहिलो तर आईचं पोट माझ्यापेक्षा मोठं! माझं माप गेले काही आठवडे हलतच नाहीये. आईला वाटलं टेप ताणून लांब झालीय. नवी आणली. नवी टेपही तेच म्हणते. आई म्हणाली, "आता एवढं असायलाच पाहिजे." मग आपल्या पोटात आणखी एक थर घातला. मी म्हटलं, "आई, शर्यतीत तू पुढे!" ती हसली नाही.

तुझे प्रश्न. बरं बाई. मी बाबांच्या चपला घालते, कारण त्या मऊ आहेत. माझ्या होत नाहीत म्हणून नाही. म्हणजे होत नाहीतच, पण मागच्या खोलीत बसून बसून कुणाचेही पाय जड होतील. डोकं दुखतं ते अभ्यासाने. आईने आता मीठच काय, खारं बटर आणि बिस्किटंसुद्धा बंद केलीयेत. बाळ हल्ली शहाण्यासारखं शांत असतं. मशीन थांबलं तरी लाथ मारत नाही नेहमी.

तू एवढं का विचारतेस? मला भीती वाटायला लागलीय, आणि ती तुझ्या रेघांमुळे.

भिंगरी


६ नोव्हेंबर, सकाळी

ताई,

घाईत लिहितेय. काल दुकानाचा फोन वाजला आणि पहिल्यांदाच बाबांनी उचलला. नुसतं "हं, हं" करत होते. रात्रभर त्यांनी काही सांगितलं नाही. आत्ता माझ्या उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्या ताईचा होता. म्हणाली, डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर एक मिनिट थांबू नका."

चमकतंय, ताई. उठल्यापासून चमकतंय. ही ओळ मला अर्धीच दिसतेय.

मी निघाले. मागच्या दाराने नाही, दुकानातून, पुढच्या दाराने, असेल नसेल त्या गिऱ्हाइकासमोरून. बाबांनी इस्त्री बंद केली, या वेळी नीट उभी ठेवली. पत्र त्यांच्याच खिशात टाकतेय.


१५ नोव्हेंबर

ताई,

मुलगी आहे! मुलगी! तुला बाबांनी फोनवर सांगितलंच असेल, पण मला स्वतःला सांगायचं होतं. एवढीशी आहे, दीड किलोसुद्धा नाही, काचेच्या पेटीत झोपते, आणि रागावली की कपाळाला हुबेहूब आईसारख्या आठ्या घालते. मी जिवंत आहे. तीही जिवंत आहे. आकाश मला ठेंगणं झालंय आणि टाके ओढतात म्हणून मोठ्याने हसता येत नाही, एवढंच दुःख.

आता त्या दिवसाचं सांगते. सगळं सांगते, आणि तू सगळं वाचायचंस.

आई दुकानाच्या दारात आडवी उभी राहिली. ते दार किती अरुंद आहे तुला माहीत आहे, त्यात तिचं पोट आणि माझं पोट. मागे दोन गिऱ्हाइकं आ वासून. "आत चल," ती म्हणाली, "इतके महिने काढले, थोडेच राहिले." मी म्हटलं, "आई, मला तुझा चेहरा दिसत नाहीये." तिला वाटलं मी भांडतेय. मी पुन्हा म्हटलं, "खरंच दिसत नाहीये गं. नाकाच्या जागी नुसता उजेड आहे." तशी ती बाजूला झाली. बाजूला काय, माझा दंड धरून तीच पुढे पळायला लागली.

हॉस्पिटलात पोचलो तर एका माणसाने चाकाची खुर्ची आणली आणि आईला तिच्यात बसवलं! "मावशी, सावकाश, घाबरू नका." आई ओरडतेय, "मी नाही, मी नाही, ही!" आणि तो तिलाच ढकलत नेतोय, मागून मी बाबांच्या चपलांत धावतेय. इतकं डोकं फुटत असतानाही मला हसू आलं, खरं सांगते. मोठ्या सिस्टर समोरून आल्या, त्यांनी एका नजरेत पाहिलं, आईला उठवलं आणि मला बसवलं.

रक्तदाब इतका की डॉक्टरीणबाईंनी दुसरं यंत्र मागवून पुन्हा मोजला. सिस्टरनी खिशातून टेप काढली, अगदी आईच्या टेपसारखी, आणि पोट मोजलं. "दिवसांच्या मानाने फार लहान आहे. आधी कधी मोजलं होतं का?"

आईने काय केलं माहितीये? सगळ्यांसमोर झग्यात हात घातला, नाड्या सोडल्या, आणि ते राजाचं पोट काढून टेबलावर ठेवलं. औषधाच्या बाटल्या त्याने बाजूला सरकल्या. मग कात्री मागितली, शिवण उसवली आणि एकेक थर उलटून दाखवायला लागली. "हा ऑगस्टचा. हा सप्टेंबरचा. इथपर्यंत तिच्या मापाने." मग वरच्या दोन थरांवर हात ठेवला. "हे दोन माझे. तिचं वाढलं नव्हतं. मला वाटलं टेप चुकतेय." कुणीही हसलं नाही.

डॉक्टरीणबाई भराभर सगळं लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "हिच्या आईला गरोदरपणात असा त्रास होता का? रक्तदाब, झटके? आठवून सांगा, औषध ठरवायला महत्त्वाचं आहे."

आई म्हणाली, "मला नव्हता."

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या उसवलेल्या पोटाकडे.

"तिच्या आईला होता," ती म्हणाली. "झटके आले होते. जीभ तुटली होती दातांखाली. पंधरा वर्षांची होती."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तुम्हीच आई ना?"

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. अंगातून गरम वाफ जावी तसं एक इंजेक्शन. आईचा, म्हणजे तिचा, हात माझ्या कपाळावर. दिवे. आणि मी विचार करतेय की झोपाळा नव्हताच. तुझ्या जिभेच्या टोकाला खाच आहे ती झोपाळ्यावरून पडून, असंच मला आयुष्यभर सांगितलं ना तुम्ही. आपल्या घरी झोपाळा कधी होता? आणि राजातरी कुठे होता?

चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिने पेटीजवळ बसून सगळं सांगितलं, मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. तुलाही असंच मागच्या खोलीत ठेवलं होतं आणि ते पोट तिने तेव्हाच शिवलं होतं. तुझ्याही जेवणातलं मीठ काढलं, पण उशिरा, म्हणून झटके आले असं ती आजपर्यंत समजत होती. म्हणून या वेळी तिने पहिल्या दिवसापासून काढलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मिठाने काही झालं नव्हतं, दोघींना वेळेवर तपासायला हवं होतं, एवढंच. ते ऐकून ती जी रडली, ताई, तसं कुणाला रडताना मी पाहिलेलं नाही.

मी तुझ्यावरही चिडलेय. 'हट्ट धर' मला लिहिलंस, तू का नाही धरलास? मग आठवतं की तू पंधरा वर्षांची होतीस, जीभ शिवलेली होती, आणि तुझ्या बाजूने पत्र लिहायला कुणी नव्हतं. तीन वर्षांपूर्वी धरलास, तर मी पडद्याआड उभी राहून मनात म्हणत होते, ही कोण आली मला आईपासून तोडायला. म्हणून मग चिडणं पुरं होत नाही. अर्ध्यातच रडू येतं, आणि टाके ओढतात.


२१ नोव्हेंबर

वर काय लिहू ते ठरेना, म्हणून जागा मोकळी सोडलीय. ताई लिहायला हात जातो. दुसरं लिहायला जीभच काय, पेनसुद्धा अडखळतं. तू आलीस की बघू.

बातम्या भराभर घे. माझा रक्तदाब उतरतोय. जन्माच्या नोंदीचा माणूस आला तेव्हा त्याने सवयीने बाबांकडे पाहिलं. मी म्हटलं, "इकडे विचारा. आईचं नाव माझं." त्याने माझं वय ऐकून भुवई वर केली, मी त्याच्याकडे रोखून बघत राहिले, मग त्याने मुकाट्याने लिहिलं. शाळेला मी स्वतः चिठ्ठी पाठवली: कावीळ नव्हती, मुलगी झालीय, परीक्षेला येते. अजून उत्तर नाही. बहुतेक सगळे शिक्षक ती चिठ्ठी आळीपाळीने वाचत असतील. नाही म्हणाले तर मोठ्या सिस्टर माझ्याबरोबर यायच्या आहेत, नव्या गणवेशात.

आणि आज तिला पेटीतून बाहेर काढलं! एवढ्या लहान बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायचं असतं, त्याची ऊब पेटीपेक्षा चांगली म्हणे. दिवसभर, जमेल तितकं. ती माझ्या गळ्याखाली अशी चिकटली होती की मला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. मग हळूच तिने पाय मारला. तोच धप्, ताई! आतून ओळखीचा होता तो मला, बाहेरून आज पहिल्यांदा बघितला.

पण मी एकटी पुरत नाही, मला अजून विश्रांती घ्यायला सांगितलीय. सिस्टर पाटी घेऊन पाळ्या लावायला आल्या. तेव्हा बाळ तिच्या छातीशी होतं, त्या जुन्या सैल झग्याच्या आत, जिथे इतके महिने कापूस होता. सिस्टरनी पहिल्या पाळीला माझं नाव घातलं. दुसरीपुढे त्या 'आजी' लिहायला लागल्या.

"आजी नका लिहू," ती म्हणाली. मान वर केली नाही, बाळाची टोपी सारखी करत होती. आजूबाजूच्या सगळ्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या, आणि त्यातल्या दोघी आपल्याच गल्लीतल्या. "पणजी लिहा. अठ्ठेचाळीस वर्षांची पणजी. आजीची पाळी तिसरी, ती उद्याच्या बसने येतेय."